वेशभूषा 'यथायोग्य' म्हणजे नक्की काय हो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमाचं परीक्षण येतं ते मी न चुकता वाचते, म्हणजे आधी शब्दकोडं मग परीक्षण, आणि लिहिणारे जे कोणी आहेत ते चांगलंच लिहितात, गोष्ट न फोडता लिहितात हे तर आजकाल फारच दुर्मिळ. पण शेवटचा परिच्छेद आला की दर वेळी तेच. छायाचित्रण नेत्रसुखद, पार्श्वसंगीत परिणामकारक, वेशभूषा यथायोग्य. मध्यंतरी एका ऐतिहासिक सिनेमाला "भव्य वेशभूषा" मिळाली आणि एका गावाकडच्या सिनेमाला "वास्तवदर्शी". दोन्ही सिनेमे मी थेटरात जाऊन पाहिलेत. भव्य होतं ते भाड्याने आणलेलं होतं आणि वास्तवदर्शी होतं ते नुसतं मळवलेलं होतं. मी बरीच वर्षं मराठी सिनेमा आणि सीरियलच्या कपडेपटात काढलीत, आधी असिस्टंट म्हणून, मग स्वतंत्र, आता गुडघे कुरकुरतात म्हणून निवडक कामं घेते, तर म्हटलं एकदा लिहावंच. लांबलं तर तुम्ही कापालच.

माझं म्हणणं एकच आहे. पडद्यावर कपडे खोटे दिसले की लोक ड्रेस डिझायनरला नाहीतर बजेटला नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा गडबड त्याच्या खूप आधी झालेली असते, लिहिण्याच्या टेबलावर. स्क्रिप्ट कच्ची असली किंवा उशिरा आली की कपडे खोटे होणारच, मग तुम्ही कुणालाही आणा. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांनी हे दोन डबे वेगवेगळे ठेवलेत, पटकथा वरती तिसऱ्या परिच्छेदात आणि वेशभूषा खाली शेवटच्या ओळीत, म्हणून हा संबंध कुणाला दिसतच नाही.

कसं ते सांगते. समजा स्क्रिप्टमध्ये लिहिलंय, "शिरपा, वय ५०, गरीब शेतकरी." बास. एवढ्यावर मी काय करू? मळका सदरा, फाटकं धोतर, खांद्यावर पंचा, झाला तुमचा गरीब शेतकरी, गेली कित्येक वर्षं होतोय तसाच. आता तेच कुणी असं लिहिलं की शिरपा पुतणीच्या लग्नाला निघालाय आणि त्याने शर्टाची कॉलर पलटी करून आणलीय, तर बघा काय होतं. ज्यांची चाळिशी उलटलीय त्यांना आठवत असेल, कॉलर मोडीवर झिजली, धागे बाहेर आले की शर्ट टाकून द्यायचा नाही, शिंप्याकडे न्यायचा, तो कॉलर उसवायचा, उलटी करायचा आणि परत शिवून द्यायचा. पण कॉलरची आतली बाजू उन्हाने विटलेली नसते, त्यामुळे पलटी केलेली कॉलर बाकीच्या शर्टापेक्षा एक शेड गडद दिसते. तेवढी एक गडद पट्टी मानेभोवती. लग्नातल्या गर्दीत तो बसलाय आणि कॅमेरा मागून येतोय, प्रेक्षकाला कळलं, ह्याच्याकडे नवा शर्ट घ्यायला पैसे नाहीत पण चार लोकांत जायचं तर नीटनेटकं जायचं ही पत त्याने अजून सोडलेली नाही. एकही डायलॉग नको.

आता हा शर्ट बनवायचा कसा. नवीन सुती शर्ट घ्यायचा, सोडा घालून गरम पाण्यातून पुन्हा पुन्हा काढायचा, कडक उन्हात वाळवायचा, खळ आणि चकाकी पूर्ण गेली पाहिजे. मग पॉलिश पेपर घेऊन बसायचं, खांद्यावर, कोपरावर, कफच्या कडेला आणि खिशाच्या तोंडाशी घासायचं, खिशाच्या तोंडाशी तर नक्कीच कारण तिथे चंची नाहीतर डायरी रोज आतबाहेर होते. मग चहाच्या पाण्यात बुडवून पांढरेपणा मारायचा. एक बटण काढून दुसऱ्या शर्टाचं लावायचं, जरा वेगळ्या दोऱ्याने, कारण ते घरी लावलेलं आहे. आणि मग शेवटी ती कॉलर. दोन-तीन दिवस जातात एका शर्टाला, आणि सीनमध्ये पाऊस किंवा झटापट असेल तर असेच हुबेहूब दोन-तीन शर्ट लागतात, कारण एक टेक झाला की शर्ट ओला आणि पुढच्या टेकला तो परत कोरडा पाहिजे. सीन आदल्या रात्री हातात आला तर हे करणार कधी? मग आम्ही बाजारातून नवा शर्ट आणतो, लोकेशनवरची माती त्याला फासतो आणि शॉटला पाठवतो.

आणि इथे मला आपल्या सिनेमावाल्यांशी जरा भांडायचंच आहे. जुनं आणि मळकं यात फरक असतो हो. गरीब माणूस म्हणजे घाणेरडा माणूस हे कुणी ठरवलं? खेड्यात जाऊन बघा, लुगडं विरलं की मधला फाटका भाग काढून दोन तुकडे जोडून दंड घालून नेसणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्यात, ते लुगडं रोज दगडावर धुतलेलं असायचं, रंग उडालेला पण स्वच्छ. आपल्या सिनेमात मात्र शेतकऱ्याची बायको चुलीपुढे बसली की गालाला काजळी आणि पदराला माती. दंड घातलेलं लुगडं मी तरी पडद्यावर क्वचितच पाहिलंय, कारण ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात नसतं आणि डोक्यात नाही ते कागदावर कुठून येणार.

ज्यांनी लिहिलंय त्यांचं काम बघा ना. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) घ्या, त्या जब्याला जीन्स पाहिजे असते, आणि ती जीन्स नुसती कपड्याची चैन नाहीये, त्या पोराला त्याच्या जातीकडे, गावाच्या नजरेकडे पाठ करून उभं राहायचंय तर त्याला ती पाहिजे, त्यासाठी तो सायकलवरून बर्फाच्या कांड्या विकायला निघतो, म्हणजे एका कपड्याभोवती अख्खा प्रसंग लिहिलाय. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये, ज्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, एक बाई बिनबाह्यांचा ड्रेस घालून कोर्टात आलीय म्हणून न्यायाधीश तिची केस ऐकायलाच नकार देतात. किती सेकंदांचा प्रसंग, पण ते न्यायालय कसं चालतं ते तेवढ्यात कळतं. तिथे वेशभूषाकाराने काय केलं असं विचाराल तर त्याने एक साधा बाह्या नसलेला ड्रेस आणला, भडक नाही, तोकडा नाही, रोजचा. तो जरा जरी जास्त फॅशनेबल असता तर प्रेक्षक न्यायाधीशाच्या बाजूने गेला असता आणि सीन मेला असता. हे "यथायोग्य" आहे खरं, पण कशामुळे यथायोग्य ते लिहा की!

आणि लिंबू कलरची साडी? १९८८ चा सिनेमा, नाव सांगायची गरज नाही, आजही मराठी घरात कुणी पिवळी साडी नेसली की कुणीतरी म्हणतंच. अख्ख्या महाराष्ट्राला साडीचा रंग तोंडपाठ आहे कारण वसंत सबनीसांनी तो रंग संवादात घातला. तोपर्यंत त्या साडीकडे कुणी बघितलंही नसतं, दुकानात अशा शेकड्याने असतात.

आता तुम्ही म्हणाल एवढं असेल तर सिनेमावाले आधी स्क्रिप्ट का देत नाहीत. देतात, चांगले देतात. बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे पूर्ण झालेली, बांधून दिलेली स्क्रिप्ट, हातात आली की आमचं पहिलं काम ब्रेकडाउन, म्हणजे कुठल्या सीनमध्ये कोण आहे, गोष्टीतला कितवा दिवस, सकाळ की रात्र, मागच्या सीनमधून तो थेट आलाय की मध्ये आंघोळ झालीय, हे सगळं एका तक्त्यात उतरवायचं. कारण शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होतच नाही, लोकेशनच्या आणि आर्टिस्टच्या तारखांच्या क्रमाने होतं. हिरोचा बाप मरतो तो सीन पहिल्या आठवड्यात, बापाशी भांडतो तो शेवटच्या. दारातून आत येतानाचा शॉट आज आणि दाराच्या बाहेरचा महिन्याने दुसऱ्या गावात, आणि दोन्हीकडे बाहीची घडी तेवढीच वर पाहिजे, वरचं बटण उघडं असेल तर उघडंच. पूर्वी याचे पोलरॉइड काढून वहीत चिकटवायचो, आता मोबाईलवर असतात, बरं पडतं. पण गोष्टीतला दिवस कितवा हेच स्क्रिप्टवरून कळत नसेल, लेखकालाच विचारलं तर तो म्हणतो "असेल दोन-तीन दिवसांनी", तर मग मी शर्ट बदलू की तोच ठेवू? प्रेक्षकाला नेमकं सांगता येत नाही काय खटकलं, पण पात्राचे दिवस सरत नाहीयेत असं त्याला वाटत राहतं, आणि परीक्षणात येतं "उत्तरार्धात गती मंदावते".

सीरियलचं तर विचारूच नका. झोपतानाही भरजरी साडी, नथ, मंगळसूत्र आणि केसात गजरा, यावरून आमची थट्टा होते, तुमच्याच वाचकांच्या पत्रांतही झालीय. करा थट्टा, रास्त आहे. पण सीन कुठून येतो माहितीय का, त्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी कधी मेकअप चालू असताना. सकाळचा, दुपारचा आणि रात्रीचा सीन एकाच खोलीत पाठोपाठ उरकायचा असतो, साडी बदलायची तर केस, दागिने सगळं बदलावं लागतं, त्यात वेळ जातो, आणि वरून चॅनेलला फ्रेममध्ये रंग पाहिजे असतो. तिथे आम्ही कितीही म्हटलं की ताई घरात जुनेर नेसेल हो, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं, तरी ऐकतं कोण. जुनेर म्हणजे काय हेच निम्म्यांना समजावून सांगावं लागतं.

कोल्हापूरची आहे म्हणून इथलं सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि विषयाला सोडूनही नाहीये. बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे, त्यांनी इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा स्वतः बनवला, १९२० साली 'सैरंध्री' केला. ते शॉट घ्यायच्या आधी चित्रं काढायचे, पात्र कसं दिसेल, काय नेसेल, कसं उभं राहील. म्हणजे कपडा हा कल्पनेतच होता, नंतर शोधायला बाजारात जायचं नव्हतं. आज त्याला लूक बोर्ड म्हणतात आणि इंटरनेटवरची परदेशी सिनेमांची चित्रं त्यात डकवतात, असो.

त्याच्याही आधी फाळके. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनला लागला, तारामती झाले होते अण्णा साळुंके, एका हॉटेलात आचारी होते ते. बाईची भूमिका करायला बाई मिळेना म्हणून पुरुष घेतले, आणि पुरुषांची मिशी काढायला तयारी नव्हती, बाप जिवंत असताना मिशी कशी उतरवायची म्हणून, असं सांगतात. विचार करा, वेशभूषेची पहिली अडचण काय तर मिशी. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या, नटांचे कपडे धुवायच्या आणि रात्री फिल्मही धुवायच्या. आपल्या सिनेमाच्या कपडेपटात पहिलं नाव कुणाचं लिहायचं तर त्यांचं, पण त्या काळी श्रेयनामावली वगैरे कुठे होती. आणि एक गंमत, त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी होती, लाल ते काळं पडायचं आणि निळं पांढरट. म्हणजे नेसायचं काय हे डोळ्याने ठरवून उपयोग नव्हता, फिल्मला कसं दिसेल ते ठरवायला लागायचं. लालभडक शालू नेसवला तर पडद्यावर काळा! पुढे सगळे रंग टिपणारी फिल्म आली तरी होतं ते काळं-पांढरंच, हिरवी साडी आणि लाल चोळी सुंदर दिसेल म्हणून घालावी तर दोन्हीची एकच राखाडी व्हायची. मग रंगापेक्षा पोत बघायचे, काठ बघायचे, फिकट-गडद बघायचे. प्रभातचा 'कुंकू' (१९३७) बघताना माझ्या नेहमी मनात येतं, नावातच लाल रंग आणि पडद्यावर लाल नाहीच, तरी त्या मुलीच्या कपाळाकडेच आपली नजर जाते. कारण गोष्टच तशी रचलीय.

आणि वेशभूषाकार भानू अथैया. १९२९ साली कोल्हापूरात जन्मल्या, राजोपाध्ये घराण्यातल्या, वडील चित्रकार. मुंबईत जे. जे. मध्ये शिकल्या, मासिकासाठी फॅशनची रेखाटनं काढायच्या, १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून सिनेमात. 'आम्रपाली'साठी अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रं बघून आल्या. १९८३ मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं, एवढं आपण सगळे पाठ म्हणतो, दर वर्षी ऑस्करच्या दिवशी पेपरात चौकटही येते, तुमच्याही येते. पण काम काय होतं ते कुणी लिहीत नाही. विचार करा, एकाच माणसाचे कपडे, १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत रेल्वेतून उतरवलेला सुटाबुटातला बॅरिस्टर, मग तिथला सत्याग्रही, मग भारतात परत आलेला काठेवाडी पेहरावातला माणूस, आणि १९२१ साली मदुराईत अंगरखा-टोपी सोडून फक्त पंचा. त्या आयुष्याची पटकथा कपड्यांतूनच सरकते, एकेक कपडा उतरत जातो आणि माणूस मोठा होत जातो. तिथे लिहिणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला वेगवेगळं काम करताच येणार नाही. त्यांना पुढे 'लेकिन' आणि 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ऑस्करची बाहुली त्यांनी २०१२ मध्ये अकादमीकडेच सांभाळायला परत पाठवली, इथे कोण सांभाळणार अशी काळजी होती. हे वाचून मला त्या वेळी फार लागलं होतं, अजून लागतं. २०२० च्या ऑक्टोबरात गेल्या.

बरं, आता ते "भव्य". शिवकालीन सिनेमांची लाट आहे, येऊ देत, लोकांना पाहिजेत, मलाही आवडतात. पण दरबाराचा सीन लागला की झगझगीत जांभळा, पोपटी, राणी कलर, सगळं सिंथेटिक सिल्क आणि मखमल, खालून एलईडी मारल्यासारखं. हे रंग त्या काळात येणार कुठून? रासायनिक रंगांचा शोधच १८५६ चा, विल्यम पर्किन नावाच्या पोराने लंडनला क्विनाइन बनवायला घेतलं आणि जांभळा रंग हाती लागला. सतराव्या शतकात रंग म्हणजे नीळ, मंजिष्ठा, लाख, हळद, डाळिंबाची साल. जांभळा निघतो त्यातून, नाही असं नाही, नीळ आणि लाख एकावर एक दिली की निघतो, पण तो खोल असतो, उन्हात शांत दिसतो, डोळ्यात घुसत नाही. शिवणयंत्रही एकोणिसाव्या शतकातलं, आणि इथे क्लोजअपमध्ये सरदाराच्या छातीवर मशीनची टीप सरळ रेषेत चाललीय, वर जरीची लेस, गुंडाळीतून कापून लावलेली. महाराजांची त्या काळातली चित्रं युरोपातल्या संग्रहालयांत आहेत, छापील पुस्तकांत, नेटवर सगळीकडे आहेत, त्यात जामा कसा, कमरेचा पटका कसा बांधलाय सगळं दिसतं. बघायला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो, आणि वेळ स्क्रिप्टने द्यायचा असतो.

बायकांचं तर आणखी सोपं करून टाकलंय, शिवलेली नऊवारी. पायात घातली, चेन ओढली, कासोटा तयार. गॅदरिंगला ठीक आहे, मुली पटापट तयार होतात. पण सिनेमात ती बाई घोड्यावर बसते, खाली वाकते, पळते आणि कासोटा जागचा हलत नाही, एक चुणी इकडची तिकडे नाही. खरं नेसलेलं लुगडं दिवसभरात ढिलं होतं, बाई मध्येच पदर खोचते, निऱ्या सारखी करते, आणि ते करताना तिचे हात काहीतरी बोलत असतात. चांगल्या नटीला तेवढं पुरतं. शिवलेल्या साडीने तिच्या हाताचं काम काढून घेतलं, मग दिग्दर्शक म्हणतो हिला उभं राहून संवाद म्हणता येत नाहीत. शिवाय नेसण्याच्या तऱ्हा किती, ब्राह्मणी घरातली वेगळी, शेतात काम करणारीची आखूड आणि गच्च, कोळणीची वेगळी, लावणीवालीची वेगळी, आणि पडद्यावर सगळ्याजणी एकीसारख्या एक. चोळी खणाची पाहिजे म्हटलं तर खणाच्या डिझाइनचं छापील कापड येतं. अहो खरा खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, आमच्या इथून बस मिळते तिकडे जायला.

हे कोण बघतं, असं प्रॉडक्शनवाले म्हणतात. बायका बघतात. खेड्यातल्या म्हाताऱ्या तर पहिल्या शॉटला सांगतात ही बाई हितली न्हवं. आणि बालगंधर्वांच्या वेळी तर प्रेक्षागृहातल्या बायका त्यांची साडी, दागिने, अंबाडा बघून घरी तसं करायच्या, म्हणजे बघणारी नजर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीपासून आहे, ती काही नव्याने तयार करायची नाहीये.

अजून एक गोष्ट जी परीक्षणात कधीच येत नाही ती म्हणजे कपड्यांचा आवाज. पूर्वी सगळं नंतर डब व्हायचं त्यामुळे काहीही घाला चालायचं. 'लगान'च्या वेळी जागेवर आवाज घेतला त्याची बरीच चर्चा झाली, आता मराठीतही बरेच सिनेमे तसे होतात. तिथे खळ दिलेली साडी म्हणजे शत्रू. नटीने श्वास घेतला तरी चोळीतल्या माइकवर खरखर येते. काचेच्या बांगड्या, प्रत्येक वाक्याला किणकिण. मग साउंडवाला माझ्याकडे बघतो, मी बांगड्या दोऱ्याने आतून एकत्र बांधते, पैंजणातले घुंगरू गच्च करून टाकते, साडी दोनदा धुऊन मऊ करते. पण स्क्रिप्टमध्ये जर असेल की ती माजघरातून येतेय हे त्याला बांगड्यांवरून कळतं, तर त्या बांगड्या वाजल्याच पाहिजेत, आणि बाकीच्या सीनमध्ये वाजता कामा नयेत, म्हणजे कुठे वाजवायच्या आणि कुठे बांधायच्या हे सुद्धा कागदावरूनच ठरतं. असे लिहिणारे थोडे आहेत, पण आहेत, त्यांच्याबरोबर काम करताना झोप मोडली तरी वाईट वाटत नाही.

मागे एका निर्मात्याने, नाव कशाला, स्क्रिप्ट अर्धीच असताना मला सांगितलं होतं की ताई तुम्ही दहा-बारा जोड सगळ्या साइझचे आणून ठेवा, सीन आले की वाटून टाकू. पंगतीत पत्रावळ्या वाटतात तसं! आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री कपडेपटावर, ड्रोन मात्र पाहिजे, गावावरून एक चक्कर मारायला. पैसे नाहीत हे मला समजतं, मराठी सिनेमाला कधीच नसतात, पण पलटी केलेल्या कॉलरला असा कितीसा खर्च आहे? शिंप्याची तासाभराची मजुरी. ते लिहायला कुणाला तरी सुचायला पाहिजे आणि मला आठ दिवस आधी कळायला पाहिजे एवढंच.

तर तुमच्याकडे मागणं असं. परीक्षणाच्या चौकटीत निर्माता, दिग्दर्शक, कलाकार, संगीत यांची नावं छापता, त्यात वेशभूषेचं नाव छापा, आणि रंगभूषेचंही, एक ओळ लागेल. परीक्षकांना सांगा की "यथायोग्य" आणि "भव्य" हे दोन शब्द निदान सहा महिने सुट्टीवर पाठवा आणि त्याऐवजी एखादा कपडा नीट बघून त्याबद्दल लिहा, चांगला असेल तर का चांगला, वाईट असेल तर कुठे खटकला, शिव्या द्या, आम्ही खाऊ, पण बघून द्या. लेखक-दिग्दर्शकांच्या मुलाखती घेता तेव्हा प्रेरणा कुठून मिळाली हे विचारता, त्याच्या जोडीला विचारा की शूटिंगच्या किती दिवस आधी स्क्रिप्ट कपडेपटाकडे गेली होती. हा प्रश्न दोन-चार मुलाखतींत आला ना, की बघा कशी धावपळ होते. आणि तो ऑस्करच्या दिवशीचा भानूताईंचा चौकोन, तो या वर्षी जरा मोठा करा, फोटो त्या बाहुलीचा नको, त्यांच्या एखाद्या रेखाटनाचा टाका.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कपडेपटातली एक जुनी वाचक, कोल्हापूर

ता. क. पत्र लांबलंय मला कळतंय. कापायचं तर फाळक्यांच्या मिशीचा भाग कापा, तो लोकांना माहीत असतो. जांभळ्या रंगाचा मात्र ठेवा, त्या "भव्य वेशभूषा"वाल्या सिनेमाचा दुसरा भाग येतोय म्हणे.